चौऱ्याहत्तर दिवस

धंतोलीच्या त्या लॅबमध्ये
माझं नाव मोठ्यानं पुकारलं, निपाने मोरेश्वर,
आणि हातात एक डबी दिली,
हळदीकुंकवात वाटतात तेवढी.
दाराची कडी ढिली होती.
बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं.

चार वर्षं विशाखाच्याच नळ्या तपासल्या,
विशाखाचंच रक्त, विशाखाचेच सोमवार.
मावशीनं कोराडीला ओटी भरली तीही तिच्याच नावानं.
माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.
मी बस चालवतो, मला मिशी आहे,
एवढा पुरावा पुरेसा होता.

रिपोर्टवर आकडा सहा.
मी विचारलं, किती पैकी?
खानझोडे मॅडम हसल्या नाहीत.
काम काय करता?
बर्डी ते कामठी, दिवसाला सहा फेऱ्या,
इंजिन मांडीला मांडी लावून बसलेलं.
खर्रा?
दिवसाचे चार. एकशेवीस-तीनशे.
झोप?
मिळेल तशी.
त्यांनी कागदावर एक पिशवी काढली, अंगाबाहेर लोंबणारी.
ही बाहेर का असते माहीत आहे? गार राहावी म्हणून.
आणि तुम्ही तिला मे महिन्यात
इंजिनाच्या झाकणाशी शिजवून राहिले.

मग म्हणाल्या, आज जे कराल
ते चौऱ्याहत्तर दिवसांनी दिसेल.
तोवर दिसेल ते सगळं जुनं.
मला उजव्या हाताचा आरसा आठवला,
मागे पडलेला रस्ताच दाखवणारा.

घरात जवस आला.
विशाखा तो लोखंडी कढईत भाजते,
तडतडला की मागे सरते.
इतवारीत अक्रोडाचा भाव विचारला
आणि भोपळ्याच्या बियांवर आलो.
शनिवारची बिअर सुटली, तिचं काही वाटलं नाही.
तर्रीचं वाटलं.
खर्रा मात्र…
पाचव्या दिवशी स्टिअरिंगवर माझी बोटं
आपोआप पन्नी घोटत होती.
मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली,
काहून रे बाबा, थरथरतं? ताप हाय काय?
बडीशेप. लवंग. परत बडीशेप.
एकविसाव्या दिवशी एक खाल्ला, कामठीच्या शेडमागे,
आणि कॅलेंडरवर पुन्हा एक लिहिला.

जीन्स गेली, ढगळ सुती पँट आली.
डेपोत पहाटेची ड्युटी मागितली,
अर्जात कारण लिहिलं : घरगुती.
झाकणावर ओलं गोणपाट टाकतो,
दुसऱ्या फेरीला ते पापडासारखं वाजतं.
संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाला चार चकरा,
विशाखा पुढे,
मी पोट घेऊन मागे.

चंद्रभानच्या पानठेल्यावर पोरं म्हणाली,
भाऊ साधू झाला बे! वहिनीनं दम देल्ला काय?
अ‍ॅसिडिटी आहे म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.
म्हटलं, पोर होत नाही. कमी माझ्यात आहे.
चंद्रभानचा घोटणारा हात थांबला.
एक जण थुंकायचा होता, तो गिळून बसला.
वरून मेट्रो गेली, सगळ्यांनी ती फार नीट पाहिली.

पांगापांग झाल्यावर शेषराव पराते,
सहा वर्षं लग्नाला,
गाडीची चावी बोटात फिरवत, माझ्याकडे न बघता :
त्या मॅडमचा पत्ता काय म्हटला तू?
मी म्हटलाच नव्हता.
खर्ऱ्याच्या कागदावर लिहून दिला.

आज एकावन्नावा.
सहाचे किती झाले, ठाऊक नाही.
रात्रभर कूलरची मोटर चिरकली,
झोप तरी लागली, सलग सात तास,
अंग कुणा दुसऱ्याचं वाटलं.
पहाटे साडेचारला ओट्यावर दोन अंडी उकडलेली.
एक माझ्या डब्यात.
दुसरं विशाखानं सोललं, मीठ लावलं,
उभ्याउभ्या खाल्लं.

सोमवार होता.